गोड पाण्याचा वेल

"भावजी, बोट काढा. कात्रीला काय डोळे असतात होय?" असं म्हणत त्रिशलाने काडी कापली.

मी बोट मागे घेतलं आणि कापलेल्या टोकावर रबरी नळी चढवली. नळीचं दुसरं तोंड काचेच्या बाटलीत सोडलं. मग दोघंही मांडवाखाली माना वर करून उभे राहिलो. जरा वेळाने टोकावर पाणी टरारून आलं, नळीत उतरलं आणि बाटलीच्या तळाला पहिला थेंब पडला.

"आला बाई एकदाचा," ती म्हणाली. "एवढ्या लांबनं एस्टीनं यायचं आन् वेलाचं पाणी बाटलीत भरून न्यायचं. तुमच्या आईला ठाऊक हाय का हे?"

"आई म्हणते, पोरगं हातचं गेलं."

"बरोबर हाय त्यांचं."

आणि ती हसली. ते हसणं ऐकायला मिळणार असेल तर मी अख्ख्या तालुक्यातल्या बागांचं पाणी भरायला तयार होतो. आता उगाच आडवळणाने कशाला सांगू? मला ती हवी होती. कॉलेजात माझ्या प्रबंधाचा विषय 'द्राक्षाच्या मुळांतून क्षारांचे वहन' असा भारदस्त होता, आणि त्या विषयाच्या नावाखाली मी येरळेकाठच्या हिंगणमळ्यात मगदूमांच्या बागेत सारखा जाऊन पडत होतो. गावात बागा काय कमी होत्या? पण माझी एस्टी बरोबर तिथेच थांबायची.

गोष्ट नव्वद सालच्या आसपासची. त्रिशलाचा नवरा भूपाल मगदूम मोटरसायकलच्या अपघातात गेला होता. मी त्यांच्या नात्यातला नव्हे, भावजी-वहिनी ही नुसती बोलायची रीत. बाग त्याने लावलेली. काडी त्याने स्वतः निवडून निवडून आणलेली, मांडव त्याने उभा केलेला. घरात आता ती आणि तिचे सासरे आण्णा, एवढी दोनच माणसं. मूलबाळ नव्हतं. बाग ती सांभाळायची आणि आण्णा तिला सांभाळायचे. का उलटं होतं कोण जाणे.

आणि बाग करपत चालली होती. विहिरीचं पाणी मचूळ झालेलं, सऱ्यांच्या कडेला मिठाचा पांढरा थर फुटलेला. वेलांची पानं कडेने जळायची, जळत जळत आत यायची. गेल्या हंगामात घड असे आले की बघणाऱ्याने तोंड फिरवावं. ऑक्टोबरची फळछाटणी झाली की कापलेल्या टोकांतून काही दिवस पाणी गळतं. मुळांनी जमिनीतून काय उचललं आणि वर काय पाठवलं, ते सगळं त्या पाण्यात असतं. मला ते तपासायचं होतं. निदान कागदावर तरी तेवढंच तपासायचं होतं.

"भावजी, मला एक सांगा," दुसऱ्या वेलाला नळी लावत असताना ती म्हणाली. "जमिनीत मीठ हाय, मान्य. पण ते वर पानात चढतं कसं? मूळ काय चाळणी हाय का?"

बस्स. असा प्रश्न विचारल्यावर मी थांबतोय होय? कॉलेजात माझे गाईडसुद्धा माझं ऐकून घ्यायचे नाहीत. मी बाटली खाली ठेवली.

"चाळणी नाही वहिनी. चाळणी असती तर सोपं होतं. मुळाच्या बाहेरच्या अंगाला पाणी मीठ घेऊन सहज शिरतं. पण आत एक कडं असतं. मेणाने लिंपल्यासारखं. तिथे फटीतून घुसता येत नाही, पेशीच्या आतूनच जावं लागतं. आणि पेशीला असतो पडदा."

"म्हणजे घरातनंच वाट."

"घरातूनच. आणि पडद्यात दारं असतात. इतकी बारीक की कुठल्याही सूक्ष्मदर्शकातून दिसत नाहीत. पण आता परदेशात काचेची सुई त्या पडद्याला टेकवून एकेक दार उघडलं-मिटलं की किती वीज वाहते, ते मोजतात. पोटॅशचं दार वेगळं. त्यातून पोटॅश जातो, मिठातलं सोडियम बाहेर थांबतं. पण जमिनीत मीठच मीठ झालं की ते कुठल्या ना कुठल्या दारातून घुसतंच."

"आन् दार उघडतं कोण?"

"कोणी नाही. पडद्याच्या आतबाहेर विजेचा दाब असतो. तो बदलला की दार आपोआप उघडतं. मग कडं ओलांडून आत गेलेलं मीठ अगदी मधल्या पेशींपर्यंत पोचतं. त्या पेशी, वेलाच्या आत पाणी वर नेणारी नळी असते ना, तिला टेकून बसलेल्या असतात. त्यांचं काम म्हणजे नळीत क्षार सोडायचे. नळीत क्षार उतरले की त्यांच्या मागून पाणी ओढलं जातं, आणि ते वर चढतं. आत्ता हे गळतंय ना, ते तेच."

"चांगल्या मुळाला कळत असंल की, काय सोडायचं आन् काय न्हाई."

"कळतं. काही मुळं तर नळीत चुकून गेलेलं मीठसुद्धा परत ओढून घेतात. ही मुळं मात्र सगळंच वर धाडतायत."

ती बाटलीतले थेंब बघत होती. मग म्हणाली, "ह्या नळ्या बऱ्या हायेत की. एवढं मीठ जातं तरी जळत न्हाईत."

"त्या कशा जळतील? त्या मेलेल्या असतात," मी उत्साहात म्हणालो. "नळीची पेशी आधी जगते, वाढते, भिंती घट्ट करते आणि मरते. आतून रिकामी झाली की मगच तिच्यातून पाणी चढायला लागतं. अख्खा वेल मेलेल्या नळ्यांवर उभा असतो."

ती कात्री उचलून पुढच्या वेलाकडे गेली. माझी जीभ मला तोडून टाकावीशी वाटली. शिकलेल्या गाढवाला बोलताना समोर कोण उभं आहे ते दिसत नाही. पण पुढच्या वेलापाशी पोचल्यावर तिनेच मागे वळून म्हटलं, "मरून कामाला लागतात म्हणा की." आणि नळी हातात घेण्यासाठी हात पुढे केला.

मगदूमांचं घर कडक जैनांचं. मीही जैनच, पण वसतिगृहात बटाटेवडे हाणून बिघडलेला. त्यांच्याकडे कांदा नाही, लसूण नाही, बटाटा, गाजर, रताळं, जमिनीखालचं काहीच नाही. त्रिशला मला चिडवायची, "आमच्या घरात मुळं चालत न्हाईत भावजी. तुमची सगळी विद्या चुलीबाहेर ठेवून आत या." आणि दिवस मावळायच्या आत जेवण. उजेड असेपर्यंत भाकरी, डाळ आणि दोडक्याची भाजी ताटात पडायची. त्या दिवशीही पडली. जेवून मी आणि आण्णा बाहेर कट्ट्यावर बसलो. ती आत भांडी घासत होती.

"शांतिनाथ," आण्णा हळूच म्हणाले, "तू तिला वहिनी म्हणतोस."

"हो."

"ते आता सोड की."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. ते समोर गोठ्याकडे बघत होते.

"मी म्हातारा झालोय, आंधळा न्हाई झालो. प्रत्येक आठवड्याला यायला वेलाच्या पाण्याचा कुणाला एवढा पुळका येत न्हाई. आपल्यात दुसरं लग्न काय नवं न्हाई. माझ्या चुलतबहिणीचं झालं, पोरंबाळं झाली, नातवंडं झाली. मी किती दिवस पुरणार? माझ्यामागं हे पोर हितं करपलेल्या बागंत एकटं फिरणार, हे माझ्या डोळ्याला बघवत न्हाई. ती माझी सून न्हवं, लेक हाय."

"आण्णा, माझी नोकरी अजून पक्की नाही. प्रबंध झाल्यावर—"

"होईल की. पण तिला तू इचार. मी सांगितलं तर ती माझ्यासाठी हो म्हणंल. तसलं हो मला नको."

त्या रात्री परतीच्या गाडीत शेजारचा माणूस माझ्या खांद्यावर घोरत होता आणि मी बाटल्यांची पिशवी पोटाशी धरून वेड्यासारखा हसत होतो.

बाटल्यांतलं पाणी कॉलेजात तपासलं. ज्योतीत ते पाणी फवारलं की सोडियम असेल तर ज्योत पिवळी होते. जेवढी पिवळी तेवढं मीठ जास्त. एकेका बाटलीचं पाणी ज्योतीत सोडलं, आणि एकेक वेळी ज्योत हळदीसारखी पेटली. काय समजायचं ते समजलो. ही बाग संपली होती. आज ना उद्या, हंगामाच्या शेवटी म्हणा, पण संपली होती. एका बाटलीला मात्र ज्योत फिकीच राहिली. ती बहुधा धुतानाच नीट निथळली नसेल, तिच्यात साधं पाणी राहून गेलं असेल, असं म्हणून मी ती बाजूला ठेवली. आमच्या धंद्यात असं होतंच.

पुढच्या खेपेला मी त्रिशलाला खरं ते सांगितलं. ती विहिरीच्या काठावर बसली होती. छाटलेल्या काड्यांची जुडी पायाशी होती.

"म्हणजे काढून टाकायची?"

"आता खतं घालून, पाणी बदलून काही होणार नाही. मुळंच मीठ वर पाठवतायत."

"त्यांनी लावलेली बाग."

"हो."

ती बराच वेळ जुडीची सुतळी सोडत आणि बांधत राहिली. मग तिने माझ्याकडे सरळ बघितलं. इतकं सरळ तिने आधी कधी बघितलं नव्हतं.

"आण्णा काय म्हणालेत तुम्हाला, ते मला ठाऊक हाय. त्यांना वाटतं मी भांडी घासताना बहिरी होते." तिने मान खाली घातली. "भावजी, तुम्ही चांगले हायसा. तुम्ही आलात की दिवस कसा गेला कळत न्हाई. खोटं कशाला बोलू? पण ही बाग हाय तवर मला हितनं हलता येत न्हाई. मी निघाले की तेवढ्यात कुणीतरी माझा पदर धरल्यागत होतं. बागच न्हाई राहिली तर मग धरायला हाय कोण? चातुर्मास सुटू द्या. दिवाळी झाली, पौर्णिमा झाली की बाग काढू. मग मी तुमच्या आईला भेटायला येते."

अहो, आता तुम्हीच सांगा, माणसाने याच्यापुढे आणखी काय ऐकायचं असतं? मी काहीतरी बोललो असेन, काय ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच की बागेतून बाहेर पडताना मी मांडवाच्या प्रत्येक खांबाला हात लावत चाललो होतो. संपलेल्या बागेचा मला आनंद होत होता, आणि त्याची लाजही वाटत नव्हती.

चालता चालता तो वेल दिसला. विहिरीकडून आत, मधल्या ओळीत. त्या फिक्या ज्योतीच्या बाटलीवर याच जागेची खूण होती. बाकी वेलांची जुनी पानं कडेने जळून खाली पडली होती. याच्या बुडाशी पडलेली पानं मात्र पिवळी होऊन, पूर्ण वयाने गळालेली होती. कडा शाबूत. मी मान वर केली. टोकातून अजून पाणी गळत होतं. खिशात रिकामी बाटली होती. भरून घेतली.

पुन्हा तपासलं. ज्योत फिकी. यंत्र बिघडलं असेल म्हणून शेजारच्या खोलीतल्या यंत्रावर तपासलं. फिकी. बाटली स्वतः धुतली, निथळली, बागेत जाऊन पुन्हा भरून आणली. तरी फिकी. मग मात्र माझे कान गरम झाले. त्याच मातीत, त्याच मिठाच्या पाण्यावर एक वेल असा होता, की जो मीठ वर जाऊच देत नव्हता. त्याच्या मुळांतली दारं वेगळी होती. थॉमसन जातीच्या द्राक्षाच्या आपल्या साध्या काडीत असा एखादा वेल निघणं म्हणजे लाखात एक. त्याचं मूळ मला सापडलं तर प्रबंध सोन्याचा होणार होता. नोकरी चालत येणार होती. आणि दिवाळीनंतर ती येणार होती. आता एकाच हाताने दोन्ही मिळणार, असं मला वाटलं.

मी धावत हिंगणमळ्यात गेलो.

"हा वेल मला उकरून बघायचा आहे," मी सांगितलं. "मुळाचे तुकडे हवेत. थोडेसे. वेलाला काही होणार नाही."

आण्णांनी चातुर्मासाचा नेम धरला होता, जमिनीला हत्यार लावायचं नाही. किडा-मुंगी मरते. ते मांडवाच्या खांबाला टेकून उभे राहिले. "उकर बाबा. पण बघून उकर, गांडुळं असतील खाली." त्रिशलाने खुरपं आणलं. म्हणाली, "तुम्ही खोदा, मी माती हातानं बाजूला करते. तुमचं खुरपं म्हणजे पिसाळलेल्या बैलागत हाय."

"हा वेल बाकीच्यांपेक्षा लहान दिसतो," मी खोदता खोदता म्हणालो.

"मागनं लावलेला हाय. हितला वेल मेला होता, जागा रिकामी पडली होती. ह्यांनीच भरून काढली ती." ती माती ओंजळीने उचलून टाकत होती. "मग दर वर्षी शेणखत पडत गेलं, माती चढत गेली."

हातभर खाली गेलो तेव्हा खोडाला एक गाठ लागली. मी थांबलो. गाठीच्या वरचं खोड एका जातीचं होतं आणि खालचं दुसऱ्या. साल वेगळी, रंग वेगळा, खालचं जाडजूड आणि खरबरीत. मला कळायला क्षणही लागला नाही. पण ते कळायला नको होतं.

"काय झालं?" आण्णांनी विचारलं.

"कलम आहे," मी म्हणालो. "खाली जंगली द्राक्षाचा खुंट आहे. रानटी जात. तिची मुळं मीठ वर सोडत नाहीत, असं म्हणतात. त्याच्यावर वरून थॉमसनची काडी भरलीय. कुणीतरी..."

कुणीतरी कशाला? ती जागा कोणी भरली होती हे तिने आत्ताच सांगितलं होतं.

त्रिशला माझ्या बाजूला येऊन बसली. तिने बोटाने गाठीवरची ओली माती पुसली. गाठीला एक पट्टी गुंडाळलेली होती. निळं प्लॅस्टिक. कलम जुळून आलं की दोन-तीन महिन्यांत ती पट्टी सोडायची असते, नाहीतर खोड आवळतं. ती सोडायची राहून गेली होती. सोडणारा गेला होता. एका बाजूने ती तडकली होती म्हणून वेल वाचला होता, दुसऱ्या बाजूने साल तिच्यावर चढून तिला गिळत चालली होती.

"हा रेनकोट हाय," ती म्हणाली.

"काय?"

"त्यांचा रेनकोट. निळा." तिचा आवाज फार हळू झाला. "एके दिवशी बघितलं तर रेनकोटची एक बाही कापलेली. मी किती भांडले. नवा कोरा रेनकोट, बाही कुठं गेली? नुसते हसायचे. म्हणाले, पुढच्या छाटणीला सांगतो, एक गंमत दाखवायची हाय तुला. मी म्हणलं, बाई बघितली का काय दुसरी, तिला रुमाल करून दिला का?" ती हसायला गेली आणि तिला हसता आलं नाही. "पुढची छाटणी त्यांनी बघितलीच न्हाई. मी ती गंमत इतकी शोधली भावजी. कपाट शोधलं. गोठा शोधला. कुणाकुणाला इचारलं. मग वाटायला लागलं, मला उगाच भास झाला, ते काय बोललेच नसतील."

आण्णा खाली बसले होते. त्यांनी डोळ्यांवर पंचा धरला होता.

"पट्टी सोडायला हवी," मी म्हणालो. दुसरं काय बोलणार? "आवळतेय वेलाला. ब्लेड आहे माझ्याकडे."

"मी सोडते."

तिने ब्लेड घेतलं नाही. नखाने ती साल बाजूला करत, पट्टी थोडी थोडी उचलत राहिली. मध्येच तुकडा तुटला की तो पदरात ठेवायची आणि पुढचं टोक शोधायची. मी तिच्या शेजारी मातीत बसून होतो. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता, पण तिला ते कळतही नव्हतं. तिथे आम्ही तिघंच होतो असं वाटत नव्हतं.

पट्टी संपली. तिने खोडावरून हात फिरवला.

"भावजी, एक इचारते. खरं सांगा."

"विचारा."

"खाली मूळ दुसरं कुठलंबी लावलं, तर वरचा वेल त्यांचाच राहतो का? काडी त्यांचीच? फळ तेच?"

मला खोटं बोलता आलं असतं का? मी अनेक वर्षं स्वतःला विचारलंय. नाही. मुळांबद्दल मला खोटं बोलता येत नाही. मी म्हणालो, "वरचा वेल तोच राहतो. मूळ फक्त पाणी आणि क्षार पाठवतं. बाकी सगळं वरचं आपलं आपणच."

तिने मान हलवली. मग आण्णांकडे वळून म्हणाली, "आण्णा, बाग काढायची. चातुर्मास सुटला की. पण सगळी न्हाई, निम्मी ठेवायची काडीसाठी. ह्या जंगली जातीचे खुंट लावू, आन् त्यावर त्यांच्या काड्या भरू. निम्मी झाली की मग उरलेली."

"वर्षं जातील पोरी," आण्णा म्हणाले.

"जाऊ द्यात."

"आन् तुझं काय?" आण्णांचा आवाज फाटला. "तुझं काय ठरलं होतं?"

ती माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण चेहरा असा उजळला होता की मी त्या घरात आल्यापासून तसा कधी बघितला नव्हता. तो उजेड माझ्यामुळे यावा म्हणून मी एवढी धडपड केली होती. आला. पण माझ्यासाठी नाही आला.

"मी तुम्हाला शब्द दिला होता," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात तर मी पाळीन."

आण्णांनी पंचा खाली घेतला. दोघंही माझ्याकडे बघत होते. माझ्या हातात अजून खुरपं होतं.

"मला शब्द नको होता, त्रिशला," मी म्हणालो. पहिल्यांदाच नाव घेतलं. आण्णांनी सांगितल्यानंतरही ते आजवर जमलं नव्हतं. "खुंटाच्या काड्या मी आणून देतो. आमच्या कॉलेजच्या संशोधन केंद्रात मिळतील."

मुळाचे तुकडे मी घेतलेच नाहीत. माती परत लोटली.

प्रबंध पुढे झाला, साधाच झाला. नोकरी लागली, लग्न झालं. बायको चांगली मिळाली, दोन मुली झाल्या. वर्गात दर वर्षी मुळाचा धडा शिकवतो. मेणाचं कडं, पडद्यातली दारं, मेलेल्या नळ्या. आता त्या दारांची नावं ठेवलीत, त्यांचे नकाशे काढलेत, विजेच्या कुठल्या दाबाला कुठलं दार उघडतं तेही कळलंय. पण विहिरीच्या काठावर बसून तिने माझ्याकडे सरळ बघितलं होतं, ती दुपार अजून तशीच्या तशी आठवते. ती आठवली की मी वर्गातून बाहेर येऊन जरा वेळ उभा राहतो. कुणी विचारलं तर सांगतो, उकडतंय.

तो वेल उकरला त्याच्या पुढच्या वर्षी खुंट हाताएवढे झाले आणि कलमं भरायची वेळ आली. तिने निरोप धाडला, शिकवायला या. मी गेलो. खुंट कापायचा, मधोमध चीर द्यायची, काडीला दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची, ती चिरेत अशी बसवायची की साल सालीला भिडेल, मग पट्टी गुंडाळायची. पहिल्या काही पाचरी तिच्या वाकड्या झाल्या, मी हसलो, तिने मला वेडावून दाखवलं. दुपार होईपर्यंत तिचा हात असा बसला की माझ्यापेक्षा भराभर भरायला लागली. मग मी नुसत्या काड्या तासून द्यायला लागलो. मग तिला तेही माझ्यापेक्षा बरं जमायला लागलं, तेव्हा मी पट्ट्या कापून देत बसलो.

ऊन तिरपं झाल्यावर आण्णा आले. जरा वेळ आमच्याकडे बघत उभे राहिले. मग खाली वाकून त्यांनी माझ्या हातातली कात्री काढून घेतली.

"बस झालं शांतिनाथ," ते म्हणाले. "आता पट्ट्या मी कापतो. तू नीघ. तुझी गाडी चुकंल."

मला कुठलीच गाडी गाठायची नव्हती. मी उठलो, विहिरीवर जाऊन हात धुतले आणि निघालो.